ऑपरेशन रद्द झालं, 'वजन वाढवून आणा' म्हणाले: आता काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात. भाचा १४ महिन्यांचा, टाळूला जन्मतः फट, ओठ नीट आहेत. टाळूच्या ऑपरेशनसाठी दाखल केलं, रात्री १० पासून उपाशी ठेवलं. सकाळी ११ वाजता भूलतज्ज्ञांनी वजन ६.४ किलो आणि हिमोग्लोबिन ८.१ बघून केस रद्द केली. पोरगं रडून थकलं, त्याच्या पोटात काही गेलं ते दुपारी एक वाजता. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ: 'वजन वाढवून ६ आठवड्यांनी या.' मामांनी विचारलंय, कोणती पावडर सुरू करायची, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तर तिथे लगेच करतील का?

मामा, पावडर नको, आणि हॉस्पिटल बदलायची घाईही नको. का नको, ते जरा सविस्तर सांगते.

मी आहारतज्ज्ञ आहे. एका सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात १९ वर्षं काढली. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतात, त्यात माझी लुडबुड नाही. पण 'वजन वाढवून आणा' लिहिलेला प्रत्येक कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतो. तो घेऊन आलेल्या आईचा पहिला प्रश्नही तुमच्यासारखाच असतो, 'मॅडम, कोणता डबा आणू?' डब्यापर्यंत जाण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. हे ऑपरेशन वजनासाठी थांबू शकतं का? आणि बाळाचं वजन मुळात वाढत का नाही?

पहिली गोष्ट आजारावर अवलंबून असते. काही ऑपरेशनं वजनाची वाट बघत नाहीत. जन्मतः पित्ताच्या नळ्या बंद असलेलं बाळ घ्या. त्याचं ऑपरेशन शक्यतो दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं, कारण तिथे वजन वाढायची वाट बघणं म्हणजे यकृत आणखी खराब होऊ देणं. हृदयाला मोठं छिद्र असलेलं बाळ चार घोट पिऊन घामाघूम होतं. खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्ची पडतं, आणि छिद्र बुजवल्याशिवाय अंग धरत नाही. अशा ठिकाणी ऑपरेशन हाच कुपोषणावरचा उपचार. पण टाळूची फट त्या जातीची नाही. ती महिना-दीड महिना थांबू शकते. मात्र वर्षभर नाही थांबत, कारण मूल बोलायला लागण्याच्या सुमारास टाळू शिवलेली असावी लागते, नाहीतर शब्द नाकातून यायची सवय लागते. बहुतेक ठिकाणी ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान हे ऑपरेशन करतात. तुमचा भाचा १४ महिन्यांचा आहे. म्हणजे सहा आठवडे हातात आहेत, पण ते वाया घालवण्याइतके नाहीत.

भूलतज्ज्ञांचा राग आला असेल. पण थोडं त्यांच्या बाजूने बघा. एवढ्या रोड बाळाच्या अंगात साठा नसतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, त्याचं अंग लवकर गार पडतं, साखर पटकन उतरते, आणि हिमोग्लोबिन आठ असताना थोडं रक्त गेलं तरी ते जड जातं. त्यातून सुखरूप निभावलं तरी पुढे जखम भरायची असते. टाळूची जखम दिवसभर लाळेत आणि अन्नात भिजते. शरीराकडे नवं मांस विणायला कच्चा माल नसेल तर टाके उसवतात आणि टाळूला भोक राहतं. मग दुसरं ऑपरेशन, आणि दुसऱ्यांदा शिवताना ऊती आधीच आखडलेल्या. केस परत पाठवण्यात चूक नव्हती. चूक दोन ठिकाणी झाली. वजन आणि हिमोग्लोबिन दाखल करायच्या आधी, ओपीडीतच बघायला हवं होतं. आणि परत पाठवताना एका ओळीऐवजी खाण्याची नीट योजना लिहून द्यायला हवी होती.

आता ६.४ किलोबद्दल. अंगणवाडीच्या तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलग्याचं मधलं वजन १० किलोच्या जरासं वर असतं, आणि सगळ्यात खालची रेघ ७.२ किलोला. तुमचा भाचा त्याही खाली आहे. पण वयाप्रमाणे वजन बघून मूल बुटकं आहे, रोड आहे की दोन्ही, ते कळत नाही. त्यासाठी लांबी लागते, आणि तुमच्या कागदावर लांबीच नाही. (यात नवल काही नाही. आमच्याकडेही वजनाचा काटा रोज वापरला जातो आणि लांबी मोजायची पाटी कपाटामागे उभी असते.) लांबी ६८ सेंटिमीटर असेल तर ६.४ किलोचं बाळ मध्यम कुपोषित, म्हणजे मॅममध्ये बसतं. तीच लांबी ७० भरली तर तेच बाळ तीव्र कुपोषित, म्हणजे सॅममध्ये. मोजताना गुडघा वाकलेला राहिला की हे दोन सेंटिमीटर सहज गिळले जातात. म्हणून सोबत दंडाचा घेर बघायचा. आशाताईंकडे तीन रंगांची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, वर हिरवा. डाव्या दंडाच्या बरोब्बर मध्यावर, पट्टी टेकेल एवढीच, आवळायची नाही.

आणखी एक तपासणी घरीच करा. दोन्ही पावलांवर अंगठ्याने हलकं दाबून दहापर्यंत मोजा. बोट उचलल्यावर दोन्हीकडे खळगा राहत असेल तर ती सूज आहे, आणि सूज असलेल्या बाळाचं वजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. अशा बाळाला घरी खाऊ घालत बसायचं नाही, थेट दाखल करायचं.

तुमच्या बहिणीने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही, हे तिला नक्की सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोड निघाली. चारातलं एक मूल, आणि तेही बहुतेक धड टाळूचं. फट असलेल्या बाळाची तर सुरुवातच चढणीवर होते.

तर वजन का वाढत नाही? टाळूला फट असली की तोंडात ओढ तयार होत नाही. स्ट्रॉला भोक पडल्यावर सरबत वर येत नाही ना, तसंच. बाळ छातीला लागतं, तोंड हलवतं, घरच्यांना वाटतं पितंय, पण पोटात फार थोडं जातं. मग बाटली येते. बाटलीतूनही ओढता येत नाही म्हणून निपलचं भोक मोठं करतात. दूध नाकातून आलं की सासूबाई म्हणतात, 'दूध जड पडतंय, पाणी घाल.' इथेच सगळं बिघडतं. पातळ पदार्थ नाकातून जास्त येतो, कमी नाही. म्हणजे त्रास कमी करायला घातलेलं पाणी त्रास वाढवतं, आणि वरून दुधातला कसही काढून घेतं.

मी आईला 'काय काय खातो?' असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे: 'सगळं खातो.' मी विचारते, 'काल सकाळी डोळे उघडले तेव्हापासून सांग.' मग हळूहळू यादी निघते. चहात बुडवून दोन बिस्किटं. पाणी घातलेल्या दुधाची बाटली, अर्धी सांडलेली. दुपारी वाटीभर डाळीचं पाणी. चार वाजता शेजारच्या दादाने दिलेलं पाच रुपयांचं चटपटीत पुडकं. रात्री भाताची पेज, परत बाटली. आई खोटं बोलत नाही. पोर दिवसातून सहा वेळा खातंय. पण डाळीच्या पाण्यात डाळ नाही, पेजेत भात नाही, दुधात दूध नाही. पोट टम्म आणि अंग रिकामं.

एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्या भाच्याच्या पोटात १९० मिली, एक लहान वाटी. ती वाटी पाण्याने भरली की दोन-तीन तास दुसऱ्या कशाला जागा नाही. त्याची गरज मात्र किलोमागे १२० ते १५० कॅलरी, म्हणजे दिवसाला ७७० ते ९६०. सगळी कसरत एवढीच आहे: वाटी तेवढीच ठेवायची, आतला माल वाढवायचा.

घरात हे करा. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, खमंग भाजून रवाळ दळून ठेवा. हेच खिमटाचं पीठ. एका वेळी ३० ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, पाण्यात नीट शिजवा. उतरवल्यावर एक छोटा चमचा तूप आणि एक चमचा भाजलेल्या शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट घाला. कूटच, दाणा नाही. अख्खा शेंगदाणा या वयात घशात अडकतो. पीठाच्या शंभरेक कॅलरी, तुपाच्या चाळीस-पंचेचाळीस, कुटाच्या पंचवीस-तीस. एका वाटीत पावणेदोनशेच्या आसपास. असं दिवसातून तीनदा. सोबत एक अंडं पूर्ण शिजवून, कुस्करून. अर्धं केळं. आणि ३०० मिली दूध, पाणी न घालता. एवढं पोटात गेलं की साडेआठशेच्या जवळ पोचतो. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. त्याने भूक मरते आणि लोह कमी पडतं. अंगावरचं दूध सुरू असेल तर थांबवू नका. ते काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) पाजता येतं. आपल्या आज्यांचं बोंडलं अशा बाळांसाठी बाटलीपेक्षा कधीही चांगलं: धार आपल्या हातात राहते, आणि स्वच्छ करायला सोपं.

खिमट किती घट्ट असावं? चमचा तिरका केला की गोळा हळूच घसरला पाहिजे, ओघळता कामा नये. फार घट्ट झालं आणि बाळ कंटाळायला लागलं तर पाणी ओतू नका. मोड आलेल्या नाचणीचं किंवा गव्हाचं पीठ घरात ठेवा, आणि खिमट कोमट झाल्यावर त्यात अर्धा-पाऊण चमचा ढवळा. पाच-सात मिनिटांत घट्ट लगदा सैल होतो. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारा पाचक घटक असतो, त्याची ही करामत. मग एक उकळी आणून बाळाला द्या. कस तेवढाच राहतो आणि गिळायला सोपं होतं. मी हे आईसमोर करून दाखवते; वाटीतलं खिमट सैल होताना बघितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

भरवताना बाळ सरळ बसलेलं हवं, पाठ टेकलेली. चमचा गालाच्या बाजूने, थोडा आत. नाकातून आलं तर घाबरायचं नाही, पुसायचं, दोन क्षण थांबायचं, पुढचा चमचा. एका जेवणाला अर्ध्या तासाच्या वर बसू नका. त्यापुढे बाळ भरवण्याच्या धडपडीत दमतं आणि हाती काही लागत नाही.

एकदम दुप्पट करू नका, हेही सांगायला हवं. पाच-सात दिवसांत हळूहळू चढवा. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न ओतलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचं गणित बिघडतं. म्हणूनच दाखल केलेल्या तीव्र कुपोषित बाळाला आम्ही पहिले काही दिवस एफ-७५ नावाचं सौम्य दूध देतो, १०० मिलीत ७५ कॅलरीवालं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. मग एफ-१००. नातेवाइकांना वाटतं आम्ही कंजुषी करतोय.

पावडरीबद्दल एवढंच: जाहिरातीतल्या बहुतेक डब्यांवरचा घटकांचा तक्ता वाचा, पहिल्या दोन-तीन शब्दांत साखर किंवा माल्ट सापडेल. त्या एका डब्याच्या पैशात महिनाभर अंडी, शेंगदाणे आणि तूप येतं. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार मात्र घ्या. बऱ्याच घरी तो म्हशीला जातो, मला माहीत आहे. चव आवडत नसेल तर त्यात गूळ-तूप घालून लाडू वळा. विशेष वैद्यकीय दुधांची गोष्ट वेगळी. पित्ताचा आजार असलेल्या किंवा आतडं काढलेल्या बाळांना ती लागतात, पण ती डॉक्टरांनी लिहून द्यायची.

हिमोग्लोबिन ८.१ वर खाणं एकटं पुरणार नाही. लोहाचं औषध उपचाराच्या मात्रेत लागेल, साधारण किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, आणि ते बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. आशाताईंच्या बाटलीतलं औषध, आठवड्यातून दोनदा १ मिली, प्रतिबंधासाठी असतं, उपचाराला ते पुरत नाही. औषध दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नका, लिंबाचे दोन थेंब चालतील. शी काळी होईल, तो औषधाचा रंग आहे. महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर औषध बदलायच्या आधी कारण शोधा. तुम्ही नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीकडचे असाल, किंवा घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर ती तपासणी आत्ताच करा. सिकलसेल निघालं तर भूल देण्याची सगळी तयारीच वेगळी होते. आणि बाळ सॅममध्ये असून ताप, जुलाब, खोकला असेल तर लोह लगेच सुरू करत नाहीत. आधी बाळ स्थिर होऊ देतात.

हे सगळं करूनही वजन हलत नसेल तर? मग खाण्याच्या पलीकडे बघायचं. टाळूच्या फटीसोबत काही बाळांना हृदयाचा दोष असतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का, विचारा. या मुलांचे कान वारंवार फुटतात, आणि दुखऱ्या कानाने कुणी जेवत नाही. घरात कुणाला टीबी आहे का तेही बघा. मला एक बाळ आठवतं. जन्मतः आतड्याचा आजार, लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावलेली. आई प्रामाणिकपणे पाच वेळा भरवायची, आणि काटा दोन महिने तिथेच. मी तिच्याकडे संशयाने बघायला लागले होते, हे कबूल करते. एका निवासी डॉक्टरने लघवीतलं सोडियम तपासलं, जवळपास काहीच नव्हतं. पिशवीतून सगळं मीठ वाहून जात होतं, आणि शरीरात मीठ नसलं की कितीही खाऊ घाला, वजन वाढत नाही. मोजून मीठ सुरू केलं, दोन आठवड्यांत काटा हलला. त्या दिवसापासून मी आधी आईचं ऐकते, मग शंका घेते.

इथवरचं थोडक्यात: लांबी आणि दंड मोजा, पायावर सूज बघा, वाटीतला कस वाढवा, लोह लिहून घ्या, इकोचं विचारा. दंड लाल पट्टीत आला, सूज दिसली, बाळ मलूल असेल किंवा खायलाच नकार देत असेल, तर हे घरचं काम नाही. जिल्हा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. उपचार फुकट, आईचं जेवण मिळतं, बुडालेल्या रोजाची काही भरपाईही मिळते. 'तिथे फक्त आदिवासी मुलं नेतात' असं एकदा एका शहरी आजोबांनी मला सुनावलं होतं. तिथे कुपोषित मुलं नेतात, एवढंच.

वजनाकडून अपेक्षा काय ठेवायची? घरी नीट जमलं तर रोज सरासरी २० ग्रॅम. सहा आठवड्यांत ८०० ते ८५० ग्रॅम. म्हणजे बाळ सव्वासात किलोच्या आसपास जाईल, १० किलोला नाही. तेवढं पुरेल का? बहुधा पुरेल, कारण भूलतज्ज्ञ नुसता आकडा बघत नाहीत, बाळ चढणीला लागलंय का हेही बघतात. म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. ओल्या लंगोटासकट केलेल्या वजनाने मी स्वतः एकदा फसलेय. सहा आकड्यांचा तो कागद पुढच्या वेळी केसपेपरला टाचून न्या.

आता हॉस्पिटलातल्या उपासाकडे येते. ज्याबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाही, पण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

मूल घरी कुपोषित होतं हे सगळे सांगतात. ते वॉर्डातही होतं, हे कमी लोक सांगतात. तुमचा भाचा रात्री १० ते दुपारी १, पंधरा तास उपाशी राहिला, आणि ऑपरेशनही झालं नाही. सोनोग्राफीसाठी एक दिवस उपास, रक्तासाठी सकाळचा नाश्ता चुकला, ओटीच्या यादीत नंबर खाली गेला, पुढच्या दिवशी परत तेच. आठवडाभर राहिलेल्या मुलाच्या जेवणांचा हिशेब मांडला तर अर्धी जेवणं अशीच गेलेली दिसतात. कुणी मुद्दाम करत नाही. संध्याकाळी फेरीत सिस्टर 'रात्री दहानंतर काही नाही' असं सगळ्या खाटांना एकसारखं सांगून जातात, कारण सकाळी यादी कशी लागेल हे त्यांनाही माहीत नसतं.

नियम तसा नाही. भुलेआधी घट्ट अन्न आणि वरचं दूध ६ तास बंद, आईचं दूध ४ तास, आणि साखरपाण्यासारखं गाळीव पातळ पेय २ तासांपर्यंत चालतं. आता काही ठिकाणी एक तासापर्यंतही देतात. पुढच्या वेळी दाखल झालात की संध्याकाळी स्वतः जाऊन विचारा: 'यादीत कितवा नंबर? अंदाजे किती वाजता? शेवटचं दूध कधी देऊ, साखरपाणी कधीपर्यंत देऊ?' उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. लहान आणि रोड बाळं यादीत वर घ्यावीत अशी विनंती करा. बहुतेक भूलतज्ज्ञ ती मान्य करतात. पण स्वतःच्या मनाने काही देऊ नका. लपवून दिलेलं बिस्किट भुलेत फुप्फुसात जाऊ शकतं. आणि केस रद्द झाली, तर पहिला प्रश्न 'आता भरवू का?' हा विचारा, कागदपत्रं नंतर.

'सलाईन लावलंय ना, मग चालेल' असं म्हणणारे भेटतील. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच चमचे. ८५ कॅलरी, प्रथिन शून्य. पाणी आणि थोडी साखर मिळते, जेवण नाही. तसंच कुणी 'प्रोटीनची बाटली' म्हणून अल्ब्युमिन आणायला सांगितलं तर कशासाठी ते विचारा. काही आजारांत ते लागतं, पण खाण्याला पर्याय म्हणून नाही. रक्तातलं अल्ब्युमिन जंतुसंसर्गानेही उतरतं, त्यावरून मूल किती कुपोषित आहे हे ठरत नाही.

ऑपरेशननंतर सर्जन सांगतील तेव्हा पातळ पदार्थ सुरू होतात, आणि टाळूच्या मुलांत ते बहुधा लवकरच होतात. पहिले दोन-तीन आठवडे मऊ, गाळून घेतलेलं, टोकदार चमचा टाळूपर्यंत न नेता. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी. दुखण्याचं औषध भरवायच्या अर्धा तास आधी. दुखतंय म्हणून तोंड मिटलेलं बाळ 'भूक नाही' या नावाखाली उपाशी राहतं. खिमट तेच, फक्त सैल करायचं. मोड आलेलं पीठ तेव्हा परत कामाला येईल.

दुसऱ्या हॉस्पिटलचं म्हणाल, तर कुणीतरी उद्याच करून देईल, हे शक्य आहे. तसं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा, हिमोग्लोबिन ८.१ वर ते काय करणार आहेत आणि टाके उसवले तर पुढे काय. समाधानकारक उत्तर मिळालं तर जरूर जा. मी तुमच्या जागी असते तर ज्यांनी परत पाठवलं त्यांच्याकडेच वजनाचा कागद घेऊन गेले असते. खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू दोन्ही येतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलंय का बघा.

आता मला चार गोष्टी कळवा: लांबी, दंडाचा घेर, पावलावर खळगा राहतो की नाही, आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने काय खाल्लं ते, चहा-बिस्किटासकट. लांबी मोजायला दोन माणसं लागतील. बाळाला आडवं झोपवून एकाने डोकं भिंतीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून टाचेशी पुस्तक उभं करायचं. दोनदा मोजा, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.